पोथीच्या कडेची भोकं

मुलांनो, मी पाठवलेल्या फोटोतल्या पोथीच्या पानांना वरच्या कडेला ओळीने भोकं का आहेत, असं परवा फोनवर तुम्ही विचारलंत. कसर लागली असेल, असं धाकटीला वाटलं. कसर नाही, ती भोकं मी पाडली आहेत. गोष्ट लांब होती आणि मी दमले होते, म्हणून तेव्हा सांगितलं नाही. आता हाताला कंप सुटला आहे, सुईत दोरा ओवता येत नाही. पेन धरता येतं तोवर लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकात मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. पुस्तकांचं कपाटही माझ्याच गळ्यात होतं. नवीन पुस्तकं क्वचित येत, म्हणून फाटकी मीच बांधायची. हे काम मी माहेरी, सांगलीत, आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाइंडरांकडून शिकले होते. जुनी शिवण उसवायची, पानं जुळवायची, दाभणाने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, पाठीला गरम सरस लावून फळ्यांत दाबून ठेवायचं. शाळा, स्वयंपाक, वह्या तपासणं, आणि वर हे. आवड म्हणू नका. कुणीतरी करायला हवं होतं. पण हात चांगला बसला होता आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

घरी माझ्या सासूबाईंची, म्हणजे तुमच्या पणजीची, पोथी होती. सुटी, आडवी पानं, खाली-वर लाकडी फळी, लाल रुमालात बांधलेली. लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात त्या सोवळ्यात बसून तिचं पारायण करत. कडा झिजल्या होत्या. वाऱ्याने पानांचा क्रम चुके, आणि मग त्या चष्मा पुसत पुसत पानं लावत बसत. मला ते पाहवत नसे. खरं सांगायचं तर तो पसारा पाहवत नसे.

एका आषाढात त्या कराडला लेकीकडे राहायला गेल्या आणि मी पोथी बांधायला घेतली. पोथीचं पान वर उलटायचं असतं. डावीकडून शिवली तर दर दुसरं पान उलटं येईल, एवढा विचार मी केला होता. म्हणून वरच्या लांब कडेने शिवली. सरस लावला, वरून लाल कापड चढवलं. शाळेचं एकही पुस्तक इतकं नेटकं झालं नव्हतं.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सासूबाई आंघोळ करून चौरंगापुढे बसल्या. पोथी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, मग नाकाशी नेली.

“हा वास कसला गं?”

“सरसाचा, आई. चिकटवायला लागतो.”

“कशाचा करतात?”

मला माहीत होतं. जनावरांची कातडी नि हाडं उकळून करतात. म्हणून तर सरसाचं भांडं मी परसात वेगळं ठेवत असे. तरी पोथीला लावताना हे एकदाही मनात आलं नाही. मी सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. पोथी खाली ठेवून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “बांधलीस छान. शाळेच्या कपाटात ठेव, तिथे शोभेल.” मग उठून पुन्हा आंघोळीला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या चौरंगापुढे बसून आठवेल तसं म्हणू लागल्या. तिसऱ्या अध्यायात अडकत. मागे जाऊन पुन्हा सुरू करत, पुन्हा तिथेच थांबत. मी भाजी चिरत ऐकत असे. दुसरी पोथी आणू का, असं तुमच्या आजोबांनी विचारलं. “ही माझ्या सासूबाईंनी हातात दिली होती,” एवढंच त्या म्हणाल्या. तोवर एकाही श्रावणात त्यांचं पारायण चुकलं नव्हतं.

रविवारी एसटीने सांगलीला गेले. बाइंडरांनी पोथी पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आवं बाई, मास्तरीण तुमी. पोथीला सरस लावत्यात व्हय?”

“चुकलं.”

“शिवण लय झ्याक हाय पर. शिकवली कुणी?” स्वतःच हसले. “निघंल, पर सावकाश. पाठीवर खळ थापा, सरस मऊ हुतोय.”

“खळ नको. शिजवलेलं पीठ ते, खरकटं होईल.”

“आता सुचलं व्हय खरकटं. मग कोमट पाण्याचं फडकं ठेवा आन् बांबूच्या चिपाटीनं खरवडा. घाई केलासा तर अक्षरं जात्याल.”

शाळा सुटल्यावर रोज दिवेलागणीपर्यंत तेच. फडकं ठेवायचं, वाट पाहायची, खरवडायचं, टीपकागदात दाबायचं. बोटांची सालं निघाली, मान भरून येई. एका संध्याकाळी दमून घाई केली आणि अकरा पानांची कड सोलून निघाली, त्यावरच्या ओळींची अक्षरं घेऊन. मी तशीच उठून सासूबाईंना सांगितलं.

त्या आल्या आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या. “कुठवर उरलंय ते वाच.” मी वाचत गेले, गेलेलं त्या सांगत गेल्या, मी कागदावर उतरवून घेतलं. मग फाटक्या कडांना पातळ कागद कशाने चिकटवायचा, हा प्रश्न आला.

“डिंक लाव. झाडाचा असतो. लाडवात खातोच की आपण.”

तीन ठिकाणी त्यांना आठवेना. ओवीत बसतील असे शब्द मी सुचवू लागले.

“तुझं नको घालू,” त्या म्हणाल्या. “रिकामं राहू दे.”

कागद वाळल्यावर मी त्यावर शाईने अक्षरं लिहिली. तोवर श्रावणाचे आठच दिवस उरले होते. त्यांनी पोथीवर गोमूत्र शिंपडलं, उन्हात ठेवली.

“सगळा गेला का सरस?”

“दिसत होता तेवढा गेला. भोकांत थोडा असेल.”

त्यांनी वरचं पान उचलून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, “दिसत नाही ना? झालं तर.”

रोज चौपट वाचून त्यांनी पारायण पुरं केलं. रिकाम्या जागी क्षणभर थांबत आणि पुढे जात. मी शाळेची पुस्तकं बांधत राहिले. पोथीला पुन्हा सुई लावली नाही.

पोथी अजून आहे. लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, लाल रुमालात. रुमाल दोनदा बदलला. भोकं आहेत, अकरा पानांवर माझं अक्षर आहे, आणि तीन जागा रिकाम्या आहेत.