सगळ्यांना एकेक पाकीट

मागच्या शुक्रवारी माझी चांगलीच जिरली. तीही माझ्याच जुन्या शाळेत, माझ्याच विद्यार्थिनीसमोर...

आंबिवलीच्या ज्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं, तिथे हस्ताक्षर स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. रिटायर झाल्यापासून असं बोलावणं आलं की मी वर्तकनगरहून निघून तासभर आधीच हजर असते. कोणीतरी 'बाई' म्हणून हाक मारावी ही हौस अजून फिटलेली नाही, खोटं कशाला बोलू.

स्पर्धेला वेळ होता म्हणून स्टाफरूममध्ये जाऊन बसले. समोर वैशाली. सहावीत माझ्या वर्गात होती, आता त्याच शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. टेबलावर खाकी पाकिटांचा ढीग आणि ही एकेका पाकिटात कागद घालून ते चिकटवत बसलेली...

विचारलं तर म्हणाली, पालकसभेची सूचना सगळ्यांना द्यायचीय. आणि काही मुलांच्या पाकिटात आणखी एक कागद. मागासवर्गीय मुलांच्या स्कॉलरशिपसाठी कोणकोणते दाखले आणायचे, त्याचा.

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, एवढा उपद्व्याप कशाला? वर्गात यादी वाचायची, उभे राहा म्हणायचं, पाच मिनिटांत काम. आम्ही तेच करायचो की."

"हो बाई," ती म्हणाली. "मी उभी राहिलेले ना."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पण माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

मी जात मानत नाही, हे मी आयुष्यभर छाती पुढे काढून सांगत आले. बुद्धपौर्णिमेला एका सहकारी शिक्षिकेच्या घरी खीर खाऊन आले होते, तर तेसुद्धा पुढे महिनाभर चार जणींना ऐकवलं होतं! पण भर वर्गात त्या पोरांना उभं करण्यात काही चुकतंय, हे कधी डोक्यातच आलं नाही... उलट, फॉर्म वेळेत जातात म्हणून स्वतःवर खूश.

वैशाली पाकिटं भरता भरता सांगत होती. बाकावर तिच्या शेजारी मृणाल बसायची. दोघींचा डबा एकत्र, एकीची पोळी नि दुसरीची भाजी. मी यादी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मृणालने डबा उघडला आणि तिच्याकडे पाठ करून खाल्ला.

"मग आठवड्याभरात ती पुढच्या बाकावर गेली. तिला मागून फळा दिसत नव्हता म्हणे."

मृणालला पुढे बसवणारी मीच होते.

तिची आई शाळेत आली होती. हिला फळा दिसत नाही, जागा बदला, म्हणाली. मुलीला चष्मा नव्हता, आदल्या दिवसापर्यंत ती मागून फळ्यावरचं घडाघडा वाचत होती... आणि तिची आई हे सगळं बोलताना माझ्याकडे बघतच नव्हती. वर्गाच्या दारातून ती वैशालीकडे बघत होती.

मला तेव्हा काही कळलं नव्हतं, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. पण कळलं होतं. चांगल्या घरची बाई आहे, कशाला वाद घाला, असं म्हणून मी मान डोलावली आणि जागा बदलली. 'चांगल्या घरची'... अगदी हेच शब्द मनात आले होते. आज ते लिहिताना स्वतःचीच किळस येतेय.

आता हे हिला सांगावं की गिळून टाकावं? तेवढ्यात शिपाईकाका बोलवायला आले, स्पर्धेची मुलं बसली होती. उठून गेले असते तर सुटले असते. पण पाय निघेना. त्यांना 'आलेच' म्हटलं आणि सांगून टाकलं सगळं. चष्म्याचं, त्या बाईच्या नजरेचं, माझ्या मान डोलावण्याचं.

वैशालीने हातातलं पाकीट चिकटवलं, ढिगावर ठेवलं.

"मला माहीत होतं, बाई. मृणालने तेव्हाच सांगितलेलं, आई तुझ्याजवळ बसू नको म्हणते." मग म्हणाली, "घरी आईने विचारलं, मृणाल का नाही बसत गं तुझ्याशेजारी? तर मीच सांगितलं, तिला फळा दिसत नाही. नाहीतर आई रडली असती."

अकरा वर्षांची पोर. आईला रडू येऊ नये म्हणून आमचं खोटं ती स्वतःच्या तोंडाने घरी सांगत होती... आणि त्याच वर्गात पन्नास मुलांपुढे उभी राहून मी खरं बोलण्यावर निबंध लिहून घेत होते.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी, इतकंच सुचलं.

"हो, बाई," ती म्हणाली. आणि पुढचं पाकीट घेतलं.

स्पर्धेचे कागद मी कसे तपासले, देवाला ठाऊक. परतताना सारखी वाट बघत होते, की आता तिचा मेसेज येईल... जाऊ द्या बाई, जुनी गोष्ट आहे, मनाला लावून घेऊ नका, असा काहीतरी. तो आला नाही.

आला असता तर मी हलकी होऊन घरी आले असते, जेवून शांत झोपलेही असते. 'असू दे' म्हणाली नाही, याबद्दल मी वैशालीची ऋणी आहे.