मेंढीचे पाय कधीही न बांधणारे आबा

श्री. तुळशीरामआबा मस्के यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, त्याबद्दल संपादक मंडळाचा मी आभारी आहे. या मानाला मी कितपत पात्र आहे, ते लेख संपेपर्यंत वाचकांच्या लक्षात येईलच.

पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून वाशिम जिल्ह्यात रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. रिठदजवळच्या एका शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या आणि त्यांची कातरणी सुरू आहे, असं कळल्यावर मी जंताच्या औषधाचे डबे घेऊन तिथं गेलो. एक उंच, सडपातळ गृहस्थ जमिनीवर बसून मेंढी कातरत होते. मी जवळ जाऊन रुबाबात ओळख करून दिली. त्यांनी मान वर न करता मला दोन पावलं बाजूला व्हायला सांगितलं, कारण माझी सावली मेंढीच्या तोंडावर हलत होती आणि ती बिचकत होती. जिल्ह्यातल्या माझ्या नोकरीचा पहिला धडा मला असा उन्हात उभा राहून मिळाला.

मी बाजूला झालो आणि बघतच राहिलो. तोवर मी जिथं जिथं कातरणी पाहिली होती, तिथं मेंढीचे चारही पाय एकत्र बांधून तिला आडवं टाकलेलं असे. बिचारी धापा टाकत पडून राही आणि कातरणारा घाईघाईनं हात चालवी. कातडीचे तुकडे निघत, त्यावर हळद लावत, तरी चार दिवसांनी जखमेत किडे पडत. आबांनी मेंढीला माणसासारखं बसवलं होतं, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली आणि मान त्यांच्या दंडावर. डाव्या हाताच्या तळव्यानं ते कातडी ताणत आणि उजव्या हातातली कातर त्या ताणलेल्या जागेवरून सरकत जाई. मेंढीचे डोळे अर्धवट मिटलेले होते. अंगावरची सगळी काळी लोकर एकसंध उतरली, मेंढी उठली, तिनं अंग झाडलं आणि ती पाण्याच्या घमेल्याकडे चालू लागली. तिच्या अंगावर रक्ताचा एक ठिपका मला सापडला नाही, आणि मी तो अगदी हट्टानं शोधत होतो.

पाय का बांधत नाही, असं मी विचारलं. आबांचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं. "साहेब, बांधलेल्या मेंढीले वाटते का आता आपला जीव जाते. मंग ते मरायची वाट पाहून राह्यते. लोकर घ्याची हाये, जीव कायले घ्याचा तिचा?" पशुवैद्यकाच्या पदवीत मी पाच वर्षं घालवली होती, पण मेंढीला काय वाटतं हा प्रश्न परीक्षेत कधी आला नव्हता.

आबांचे नियम सगळ्या पट्ट्यातल्या मेंढपाळांना पाठ आहेत. पोट भरलेल्या मेंढीला ते बसवत नाहीत, उन्हं चढली की कातर खाली ठेवतात आणि महिने भरत आलेल्या गाभण मेंढीला हात लावत नाहीत. एकदा एका मोठ्या कळपाच्या मालकांनी गाभण मेंढ्याही आजच उरकून टाका, असा आग्रह धरला. आबांनी कातर पिशवीत टाकली आणि ते जिल्ह्यातल्याच मालेगावच्या बसला जाऊन उभे राहिले. मालक त्यांना परत न्यायला मोटारसायकलवरून आले, ते गाभण मेंढ्या वेगळ्या काढूनच. शिकायला येणाऱ्यांना आबा पहिले दोन दिवस कातरच देत नाहीत. मेंढी मांडीवर घेऊन नुसतं बसायचं आणि तिचा श्वास शांत होईपर्यंत उठायचं नाही, ही त्यांची शाळा. मीही त्या शाळेत बसलो आहे. पहिल्या मेंढीनं माझ्या पँटवर जो अभिप्राय दिला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी कातरणीचं शिबिर घ्यायचं ठरवलं. विजेवर चालणारी कातर मागवली, मांडव घातला, पाहुण्यांना निमंत्रणं गेली. महिना फेब्रुवारीचा होता. आदल्या संध्याकाळी आबा दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले. वारा पलटला आहे, आभाळ फिरेल, मशीन लोकर अगदी कातडीलगत काढतं, तेव्हा आठ दिवस थांबा, असं त्यांनी मला समजावलं. मी हसून आकाशाकडे बोट दाखवलं. आकाश स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मांडवामागे नेऊन तेच पुन्हा सांगितलं. मी जरा चिडलो आणि पाहुणे वाटेत आहेत, असं म्हणालो. आबांनी चारचौघांत एक शब्दही काढला नाही. मशीनवाले मेंढ्यांचे पाय बांधायला निघाले, तेव्हा मात्र ते पुढे झाले आणि प्रत्येक मेंढी स्वतःच्या मांडीवर धरून बसले. आबा बसले आहेत म्हटल्यावर लोकांनी विश्वासानं मेंढ्या पुढे केल्या. सगळ्यात आधी आल्या गिरजाबाई. नवरा गेल्यानंतर एकटीनं कळप सांभाळणाऱ्या या बाईंच्या सगळ्या, म्हणजे सदतीस मेंढ्या त्या दिवशी कातरल्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी गारपीट झाली. मी इंजेक्शनची पेटी घेऊन गिरजाबाईंच्या शेतात पोचलो, तेव्हा आबा माझ्याआधी तिथं होते. उघड्यावाघड्या मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली शिरत होत्या. आबांनी तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, पेंढ्या रचून वाऱ्याच्या बाजूला भिंत उभी करायला घेतली होती. माझी पेटी पाहून ते म्हणाले, "सुया मंग पाहू. आधी बारदान आना." गावातून पोती आली. आबांनी दाभणानं पोत्याला मानेचं भोक पाडलं, पोटाखालून दोन सुतळ्या घेतल्या आणि मेंढीला अंगरखा चढवला. मग माणसं शिवत गेली आणि आम्ही चढवत गेलो. ज्या मेंढ्यांना उभंही राहवत नव्हतं, त्यांना आबांनी माणसांच्या पोटाशी धरायला लावलं आणि वरून घोंगडी टाकली. त्यातली एक माझ्याजवळ होती. तिचं थरथरणं थांबलं तेव्हा मला आनंद झाला. थोड्या वेळानं ते का थांबलं, हे कळलं. नऊ मेंढ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पारावर लोक जमले. या दिवसांत मेंढ्या कातरायला कुणी सांगितलं, असा सवाल निघाला. मला खुर्ची दिली होती. नोकरी कायम व्हायची होती आणि घरात तान्हं मूल होतं. मी बोलणार होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी बोलणार नव्हतो. आबा उठले आणि म्हणाले, "मेंढ्या माह्या मांडीवर होत्या. आभाय मले समजते, डाक्टर साहेबाले कुठून समजन? चूक माही हाये."

मी खुर्चीत बसून राहिलो.

पुढचे दोन हंगाम मालेगावकडच्या बऱ्याच कळपांनी आबांना बोलावलं नाही. दुसरे कातरणारे आले. ते पाय बांधून भराभर काम उरकत. कातरलेल्या सडांना टाके घालायला मला बोलावणं येई, आणि प्रत्येक टाक्यागणिक मला ठाऊक असे की ही मेंढी कुणाच्या गप्प बसण्यामुळे माझ्यासमोर पडली आहे. आबा भेटले की माझ्या मुलाची चौकशी करत. त्या शिबिराचा विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही. स्वतःच्या कळपातल्या चार गाभण मेंढ्या त्यांनी गिरजाबाईंच्या वाडग्यात, त्यांच्या मेंढ्यांच्या कुंपणात, नेऊन सोडल्या, हेही मला दुसऱ्यांकडून कळलं.

हळूहळू लोक परत आले. त्यांना वळवायला कुणी गेलं नाही, आबांच्या हाताखालून गेलेल्या मेंढ्या पाहूनच ते आले. आज या पट्ट्यात मेंढीचे पाय बांधणारा कातरणारा शोधावा लागतो. लोकरीला आता गिऱ्हाईक उरलेलं नाही, काळी जाडी लोकर बांधावर पडून राहते. तरी आबा उन्हाळ्याच्या तोंडाला कातर घेऊन निघतात. एवढं ओझं अंगावर घेऊन तिनं उन्हात काहून फिरावं, असं ते विचारतात. या वयात, दुखऱ्या गुडघ्यांवर मेंढी बसवलेले आबा मी पाहतो, तेव्हा मला त्यांच्याजवळ उभं राहायचीही भीती वाटते. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. आता मी निवृत्त आहे, कुणी माझं काही बिघडवू शकत नाही, त्यामुळे माझ्या या धाडसाचं कौतुक कुणी करू नये. आबा एका मेंढीचे वाढलेले खूर छाटत होते. मी या ग्रंथात सगळं खरं लिहिणार आहे, असं सांगितलं. त्यांनी हातातला खूर पुरता छाटला. मग म्हणाले, "मले काय सांगता? मी तं होतोच तिथं. गिरजाबाईले सांगा."

मी गेलो. गिरजाबाई आता थकल्या आहेत, कळप सुना पाहतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गारपिटीनंतर त्या दोन वर्षं आबांशी बोलल्या नव्हत्या, समोरून आले तर पदर ओढून वाट बदलत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "त्या चार मेंढ्या म्या दंड म्हनून ठेवून घेतल्या साहेब. त्यायची चूक नव्हती, तं त्या कायच्या होत्या?"

तो प्रश्न घेऊनच मी परत आलो.

अमृतमहोत्सवाच्या समितीला माझी एकच विनंती आहे. त्या दिवशी आबांच्या खांद्यावर मान्यवरांनी शाल घालू नये. गिरजाबाई घोंगडी घेऊन येणार आहेत, ती त्यांच्याच हातून घालू द्यावी. तुळशीरामआबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि नजर त्यांना साथ देवोत. आणि गिरजाबाईंनी मला विचारलेला प्रश्न त्यांनी त्या दिवशी आबांनाच विचारावा, तेव्हा मी तिथं उभा असावा.