साडेचार मिनिटांचा धवला

आम्ही निघालो त्या दुपारी वडखळच्या नाक्यावर आई गाडीच्या खिडकीशी वाकून नाझनीनला बजावत होती, "हळू चालव गो. हिला गाडी लागते." मी सव्वीस वर्षांची होते, आणि कलाकार म्हणून माझ्या पहिल्या दौऱ्याची सुरुवात अशी झाली. नाझनीन रोह्याची. पेणच्या कॉलेजात आमची जोडी जमली, गिटार तिची आणि गळा माझा. गाडी तिच्या भावाची जुनी. मागच्या सीटवर एक स्पीकर आणि आईने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी, जिचा वास पुढे वर्षभर गेला नाही. नाझनीनच्या घरी निघताना कोणी रडत नाही. तिचे अब्बा तिच्या लहानपणापासून मस्कतला, त्यामुळे निरोपाची त्या घराला सवय आहे. तिची अम्मी एवढंच म्हणाली होती, "पोचलात की मिस कॉल द्या." माझी आई मात्र रडली, आणि गाडी हलल्यावर मीही.

याला आता नऊ वर्षं झाली. गावातले जे कंपनीच्या शिफ्टसाठी पनवेलकडे गेले, जे कुवेतला गेले, त्यांना निदान कुठे गेलो ते सांगता येतं. मी कुठे गेले म्हणून सांगू? सोमवारी हुबळी, गुरुवारी नागपूर, रविवारी इंदूरच्या एका कॅफेत, जिथे मी डोळे मिटून गात असते आणि पहिल्या टेबलावरचा माणूस सॉस मागत असतो. पुण्यात आमची एक भाड्याची खोली आहे. तिथे बॅगा उघडायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. सकाळी जाग आली की बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते आधी आठवावं लागतं. नाझनीनच्या मनगटाला पट्टा असतो, माझी कंबर गेली आहे. सुरुवातीला आम्ही गाडीत खूप भांडायचो. आता भांडायलाही ताकद नसते, दोघी टोलनाके मोजतो. मी दमले आहे, हे एकदा सरळ लिहून टाकते. तुमच्यापैकी जे निघून गेले त्यांना ते कळेल, आणि जे मागे राहिले त्यांना वाटेल, हिला काय, रोज नवं गाव.

पण खरं तर फिरतीवरची गायिका आमच्या घरात आधीपासूनच होती. आई धवलारीण. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाचा प्रत्येक विधी धवल्याने, म्हणजे त्या विधीच्या गाण्याने, पुढे सरकतो. हळद कुटायची तर तिचा धवला, देवांना आवतण द्यायचं तर त्याचा, आणि तो गाणारी बाई असते ती धवलारीण. आई आणि शेजारची जनीकाकी अशी जोडी होती. आईने ओळ टाकायची, काकीने ती उचलायची. बांधावरून चालत, कधी मिठाच्या ट्रकमध्ये बसून, त्या गावोगाव जायच्या. आवाज बसला की खडीसाखर. पोस्टरवर आम्ही स्वतःला "इंडिपेंडंट ड्युओ" म्हणवतो. त्या दोघींनी स्वतःला काहीच म्हणवलं नाही.

आमचं जे गाणं चाललं, ते आईच्या हळदीच्या धवल्याचंच. मूळचा दीड-दोन तास चालतो. त्यात घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं, गेलेल्यांचंही, मग गावदेव, कुळदेव, वेशीवरचे देव. आम्ही नावं सगळी काढली, चाल ठेवली, मधे गिटारचा तुकडा घातला. साडेचार मिनिटं. ते कुठून कुठे पोचलं! त्यावर लोकांनी रील केली, निम्मे शो त्याच्या जोरावर मिळाले. आईला फोनवर ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "बरा हाय. पन सुरू झाला न् संपला." मी हसण्यावारी नेलं.

गेल्या मे महिन्यात भाचीचं, मोठ्या भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं. जनीकाकी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आईला दम्याने असं धरलं होतं की ओळ पुरी होत नव्हती. तिच्यानंतर तो धवला गावात कोणालाच पूर्ण येत नाही. आई म्हणाली, "या टायमाला तू गा." मी हो म्हटलं. मला वाटलं, मला येतोच की.

इंदूरहून आम्ही थेट मांडवातच उतरलो. भाची पाटावर बसलेली, बायकांनी हळद कुटायला मुसळ धरलेलं. मी सुरू केलं, आवाज छान लागला. आणि साडेचार मिनिटांनी, जिथे रोज संपतं तिथे, मी संपवलं. शिवाय सवयीने मान झुकवून "थँक्यू" म्हणाले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुसळ तसंच हातात. अजून घरातलं एक नाव आलं नव्हतं, एका देवाला बोलावलं नव्हतं. पोरगी पाटावरून माझ्याकडे बघत होती, की आत्याचं आता पुढे काय? मला पुढची ओळ येत नव्हती. नऊ वर्षं ज्या गाण्यावर पोट भरलं, ते मला येत नव्हतं. इतकी लाज मला कुठल्या स्टेजवर वाटली नव्हती.

आई खुर्चीवरून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. ती कानात एकेक ओळ सांगायला लागली, धापा टाकत. मी ती मोठ्याने गायची. उचलायला कोणी नव्हतं, म्हणून दोन-तीन ओळींनंतर नाझनीन सरकून जनीकाकीच्या जागी बसली आणि उचलायला लागली. आजोबांचं नाव आलं, वडिलांचं आलं, जनीकाकीचंही आलं. दोन तासांचं काम त्या दिवशी साडेतीन तास चाललं. नंतर पाणी पिताना आई म्हणाली, "तुझा तो बारका धवला वाईट नाय गो. पन त्यात कोनाचं लगीन लागनार नाय."

मी राहिले नाही. पुढे शो लागले होते, चौथ्या दिवशी निघाले. महिन्याभराने कोल्हापूरच्या वाटेवर असताना आईचा फोन आला. शेजारच्या गावात लग्न होतं, आई पाहुणी म्हणून गेली होती. धवलारीण मिळाली नाही म्हणून डीजेवाल्याने मोबाईलवरून माझंच गाणं लावलं होतं. आई म्हणाली, "साडेचार मिन्टांत हळद उरकली. बाया खूश व्हत्या, लवकर सुटल्या." तिने कुरकुर केली नाही. उलट मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. मी नाझनीनला गाडी बाजूला घ्यायला लावली.

ते गाणं आता आम्ही गात नाही. लोक ओरडून मागतात, शो कमी झाले आहेत. नाझनीनने त्यावर वाद घातला नाही. पुण्याची खोली अजून आहे, गाडी अजून आहे, पण दोन दौऱ्यांच्या मधे मी पुण्याला न जाता वडखळला उतरते. नाझनीन रोह्याला अम्मीकडे जाते आणि एक दिवसाआड येते, कारण धवला दोघींनी शिकायचा असतो. घर कुठे आहे असं कोणी विचारलं तर आता मला उत्तर येतं. आई ओटीवर बसते तिथे. तिला दिवसाकाठी पाच-सहा ओळी जमतात, मग दम लागतो आणि ती हातानेच थांब म्हणते. अजून किती राहिलं आहे, ते मी विचारत नाही.