सितारामला दिलेली सूट

शर्यत जवळ आली की नागनाथला आधी कंटाळा यायचा आणि मग त्याचे गुडघे धरायचे. सरजाबाई म्हणायची, "ते गुडघ्याचं न्हाई, होड्यांचं दुखनं हाय." बायको खोटं बोलत नव्हती.

येलदरीच्या धरणात मासे धरणाऱ्यांची दर हिवाळ्यात होड्यांची शर्यत होते. काठावरून निघायचं, समोरच्या टेकाडाखाली रोवलेल्या झेंड्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. पण होड्या एकीसारखी दुसरी नाही. कुणाची नवी फायबरची, कुणाची पत्र्याची, कुणाची लाकडी, डांबर पिऊन पिऊन म्हशीएवढी जड झालेली. सगळ्यांना एकदम सोडलं तर फायबरवाल्यांचा परत येऊन चहा व्हायचा तेव्हा कुठं लाकडीवाले झेंडा गाठायचे. म्हणून सूट. संथ होडी आधी सोडायची, तिच्यामागून जरा बरी, आणि सगळ्यांत जोरदार ती सगळ्यांच्या शेवटी. बाभळीला टांगलेल्या लोखंडावर नागनाथ एका चालीत ठोके द्यायचा, आणि कुणाला किती ठोके आधी सोडायचं हेही तोच ठरवायचा. होडी आणि होडीतला माणूस, दोन्ही बघून.

हे काम त्याच्या गळ्यात पडलं याला कारण होतं. धरणावरच्या सरकारी नावेवर त्याचा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर गळक्या होड्या दुरुस्त करण्यात तो गुंतला. कुठली होडी पाण्यात कशी बसते ते त्याला ठाऊक. शिवाय मासेवाल्यांत तो ना कुणाचा साडू, ना मेव्हणा. लोकांना वाटलं, हा माणूस सरळ ठोके देईल. त्यानं दिलेही. पण लष्कराच्या भाकरी भाजणाऱ्याला कुणी दुवा देतं का? हरणारा म्हणे, सूट कमी पडली. जिंकणारा म्हणे, पुढच्या साली माझी कापू नका. भागवत नावाच्या बहाद्दरानं तर एका वर्षी नागनाथ होड्या बघायला येणार म्हणून ओली जाळी आणि दगड होडीच्या तळाशी भरून ठेवले होते. होडी संथ दिसावी, सूट वाढावी! नागनाथनं दगड काढायला लावले तर वर हाच रुसला.

त्याहून वाईट म्हणजे आदल्या रात्रीची रांग. एक जण कोंबडी घेऊन यायचा, दुसरा नुसताच खुशाली विचारायचा, ताकाला येऊन भांडं लपवायचा. शेवटी वैतागून नागनाथनं नियम केला. सूट कुणालाही आधी सांगायची नाही. सकाळी काठावर सगळ्यांसमोर नाव घेऊनच सोडायचं. तेव्हापासून त्याला झोप लागू लागली.

आता सितारामचं. सिताराम नागनाथच्या वयाचा, त्याचा जुना दोस्त. एकाच चंचीतली तंबाखू मळणारे दोघं. होडी लाकडी असूनही सिताराम दर साली सगळ्यांच्या शेवटी सुटायचा, कारण त्याच्या हातातच तेवढा जोर. शेवटून सुटणं हाच तिथला मान होता. पुढचे सगळे निघून गेलेले, काठावरच्या सगळ्यांचे डोळे एकट्यावर, आणि मग तो वल्हं मारी. जिंकला काय, हरला काय, मान त्याचाच.

पण यंदा पावसाळा सरल्यापासून नागनाथ बघत होता. सिताराम सकाळी काठाला लागला की दोर बांधायच्या आधी दगडावर बसायचा. उगाच पाण्याकडं बघत, छातीवर हात ठेवून. नागनाथ दूरवरून डांबर लावता लावता बघायचा आणि मनात त्याच्या सुटीचे ठोके वाढवायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

"आदी जाऊन सांगून या त्यास्नी," सरजाबाई शर्यतीच्या आदल्या दिवशी म्हणाली.

"नियम हाय."

"तुमीच केलाव न्हवं नियम?"

खरं सांगायचं तर नियमाचं त्याला काही नव्हतं. सितारामच्या दारात जाऊन त्याच्या तोंडाकडं बघायचं त्राण नव्हतं. इतकी वर्षं लोकांची तोंडं बघून तो थकला होता. नियमाची गोधडी अंगावर ओढली आणि झोपला.

सकाळी काठ माणसांनी भरला. पहिल्या दोन जड लाकडी होड्या सुटल्या. मग नागनाथनं लोखंडावर ठोका दिला आणि नाव घेतलं, "सिताराम!"

काठावरच्या माना सितारामकडं वळल्या. मग भागवत फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागून आणखी काही जण. सिताराम हलला नाही. वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसून राहिला. नागनाथला थांबता येईना. ठोके चालू, नावं चालू. एकेक होडी सितारामच्या बाजूनं सुटत गेली. सगळ्यांत शेवटची भागवतची फायबर गेली, तेव्हा कुठं सितारामनं काठाला पाय लावून होडी ढकलली. आपल्या जागेवरून, शेवटून.

नागनाथचा जीव गलबलला. पण ठोके देणारा आता काय करणार?

भागवत जिंकला. लोक जेवायला बसले, मटणाचा वास सुटला, कुणी कुणाला हार घातला. नागनाथ एकटा बाभळीखाली उभा राहिला. बाकीच्या होड्या काठाला लागून वाळायला आल्या तेव्हा सितारामची होडी दिसली. तो दोन वल्ही मारी, थांबे, परत दोन मारी. नागनाथ धोतराचा काचा मारून पाण्यात उतरला आणि त्यानं दोर धरला.

सिताराम उतरला नाही. श्वास खाली बसेपर्यंत तसाच बसला.

"झेंड्यापाशी हात थांबले," तो म्हणाला. "तुजं बरूबर होतं. पर तुला कसं कळालं? म्या तर घरात बी सांगितलं न्हवतं."

"तू दोर बांधायच्या आदी दगडावर बसायचास. छातीला हात लावून. पावसाळा सरल्यापून बघायलतो."

सितारामनं मान वर केली. रागावला असता तर नागनाथला बरं वाटलं असतं.

"इतके दिस बघायलतास," तो म्हणाला, "आन् एकदा बी इचारलं न्हाईस, काय होतंय म्हनून?"

दोस्ताचं दुखणं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यानं त्याचे फक्त ठोके केले होते. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं दोर मनगटाला गुंडाळला, दुसरा हात सितारामपुढं धरला आणि विचारलं, "काय होतंय रं?"

सितारामनं बराच वेळ तो हात धरला नाही. मग धरला, आणि हळूहळू सांगायला लागला.