पीटरची बास आणि माझी सही

माझ्या मुलाची सही मी नेलपॉलिश रिमूव्हरने पुसली.

आमचा अनिकेत बास गिटार वाजवतो. वीस वर्षं तो गाणाऱ्यांच्या मागे उभा आहे. (पहिल्याच वर्षी मी त्याला विचारलं होतं, "चारच तारा? उरलेल्या दोन कधी घेणार?") यंदा तारोडीच्या पीटरने, तो गिटारी घडवतो, खास अनिकेतच्या नावाची बास बनवली. अनिकेतचा खांदा दुखतो म्हणून वजनाला हलकी, बोटं आखूड म्हणून मान बारीक. पुढे अशाच आणखी निघणार होत्या. ही पहिली त्या दिवशी संध्याकाळी सहाला मीरा रोडच्या हॉलमध्ये लोकांपुढे यायची होती. अनिकेत आंघोळीला गेला. गोडदेवच्या आमच्या घरात, सोफ्यावर, ती एकटी होती. आणि मी होतो!

तिच्या डोक्यावर, तारा पिळायच्या खुंट्यांपाशी, कुणीतरी चंदेरी पेनने गिचमिड केली होती. म्हटलं, पोराचा एवढा मोठा दिवस आणि वस्तूवर डाग? ओल्या फडक्याने जाईना. मग बायकोची रिमूव्हरची बाटली आणली. दोन मिनिटांत लख्ख!

ही चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता बासवर वाकली.

"अहो, सही कुठाय?"

"कसली सही?"

"अनिकेतची! काल तासभर बसून केली त्याने. सिग्नेचर बास म्हणतात तिला!"

बाथरूमचा नळ अजून चालू होता.

"सांगून टाका त्याला," ही कुजबुजली.

"वेडी आहेस? वीस वर्षांनी त्याचं नाव कशावर तरी आलं, आणि ते बापाने पुसलं?"

लग्नाच्या पाकिटांवर लिहायचं चंदेरी पेन सापडलं. अनिकेतच्या पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवून मी वर्तमानपत्रावर त्याची सही सतरा वेळा गिरवली. अठरावी तर त्याच्यापेक्षा बरी जमली! तेवढ्यात नळ बंद झाला.

"बाबा, खाली हॉर्न वाजतोय! पीटर आला का बघा ना!"

"बघतोय, बघतोय!"

"करा लवकर!" ही ओरडली. मी श्वास रोखला आणि एका झटक्यात सही ठोकली.

ही बघतच राहिली. "अहो... ही तुमची आहे!"

बत्तीस वर्षं ऑफिसात फायली काढल्यात. 'करा लवकर' ऐकलं की माझा हात एकच सही करतो. खाली दोन टिंबं. त्याखाली तारीखसुद्धा!

रिमूव्हर संपला होता. दारातून पीटर आत आला, बाथरूममधून अनिकेत. पीटरने वाकून पाहिलं.

"अंकल, ह्यो वसंत कोन हाय?"

मी सगळं सांगितलं. अनिकेत केसांतून पाणी गळत असताना तसाच उभा. मला त्याच्याकडे बघवेना.

"पीटर, नव्याने पॉलिश करायला वेळ आहे?"

"न्हाय."

अनिकेतने माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या वर स्वतःची सही केली. "असू दे," तो म्हणाला. "वडलांची सही लागतेच की."

हॉलमध्ये त्याने हा किस्सा माईकवरून सांगितला. लोक उठून टाळ्या वाजवत होते, मी खुर्चीत आणखी खाली सरकत होतो. नंतर एक वादक मुलगी मुद्दाम भेटायला आली.

"काका, सही तुमचीपण आहे ना? तुम्ही काय वाजवता?"

मी खरं तेच सांगितलं.

"बारा."