सासुरवाडी लास्ट!

पडीत वावरातून चाललं की धोतराला कुसळं चिकटतात. आपण काही ती मागितलेली नसतात. घरी येऊन उपटत बसावं लागतं. फाट्यावर रोज बसणाऱ्या माणसाला किस्से तसेच चिकटतात. मी जन्मभर ट्रक चालवला, आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून विसरवाडीच्या फाट्यावर गुलाबभाऊच्या हॉटेलात बसतो. हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि बाकडी. तिथं एक मशीन आलं आणि कुसळांनी माझं धोतर भरून गेलं. थोडी उपटून टाकतो.

माझं नाव दगा. आमच्याकडे पोरं जगत नसली की असं नाव ठेवतात, म्हणजे मरणालाही ते नको वाटावं. युसूफभाई म्हणतो, "नामही दगा, तो भरोसा किसपे करेगा?"

*

हे मशीन युसूफभाईनंच आणलं. हॉटेलशेजारी त्याचं वेल्डिंगचं दुकान. सुरतेहून भंगाराचा टेम्पो आला, त्यात एक उभं कपाट. पुढं काच, खाली एक दांडा आणि दोन बटनं. युसूफभाई लोखंडासाठी कापायला बसला होता. कापण्याआधी उगाच वायर लावली तर काच पेटली, वाजा वाजायला लागला! दुकानात ठिणग्या उडतात म्हणून ते कपाट गुलाबभाऊच्या हॉटेलात उभं केलं.

नाणं टाकायची फट वाकलेली. म्हणजे खेळ फुकट.

मी म्हणालो, "सुरतेची वस्तू आणि फुकट? यात काहीतरी आहे."

युसूफभाई म्हणाला, "दगाभाऊ, तुमको अम्मा ने दूध पिलाया होगा, तब भी पूछा होगा, भैंस किसकी है?"

*

खेळ असा. खाली एक शहर. तट, घरं, मधून नदी. वरून लोखंडी टोळ येतात, टोळधाडच. दांड्यानं तोफ सरकवायची, बटन दाबून टोळ पाडायचे. पाडले की आणखी येतात. मध्येच मोठी तोफ मिळते, तट उंच होतो, माणसाला वाटतं आता जमलं. तेवढ्यात शहर पडतं! पडलं की तोफ गेली, तटही गेला. पुन्हा सुरू करावं तर शहर नवंच निघतं. नदी इकडची तिकडे, वेस भलतीकडेच. कालचं शहाणपण आज कामाला येत नाही.

मी विचारलं, "जिंकल्यावर काय होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. कोणी जिंकलंच नव्हतं!

मला तेव्हाच वास आला. सगळे चहाला गेलेले बघून मी मशीनचं मागचं दार उघडलं. आत वायरी, धूळ आणि एक पाल.

मागून युसूफभाईचा आवाज, "मिला चोर?"

"पाल आहे."

"पूछो ना उसको, कितना कमिशन लेती है!"

*

सुरुवातीला मशीन शहराचं नाव विचारतं. गुलाबभाऊचा पोरगा प्रवीण आयटीआय झालेला, इंग्रजी वाचतो. त्यानं नाव टाकलं विसरवाडी. थोड्या वेळात शहर पडलं आणि काचेवर अक्षरं आली. प्रवीणनं वाचून दाखवलं, "विसरवाडी लॉस्ट."

गुलाबभाऊ तळणीवरून ओरडला, "लास्ट? आपलं गाव लास्ट? मंग फस्ट कोन उना?"

मशीन ते काही सांगेना. मी सांगितलं, "नवापूर असेल. तालुक्याचं ठिकाण आहे, सगळं आधी तिकडंच जातं."

प्रवीणनं खूप समजावलं की लॉस्ट म्हणजे गेलं, हरलं. कोणी ऐकलं नाही. फाट्यावर आजही शहर पडलं की "लास्ट!" असंच ओरडतात.

त्याच संध्याकाळी गावाचा ट्रान्सफॉर्मर उडाला. गुलाबभाऊनं फर्मान काढलं, "आपलं गाव यात टाकायचं नाही!" मग कोणाचं टाकायचं? जे गाव पडलं तर मनाला लागत नाही, उलट जरा बरं वाटतं, असं गाव एकच. प्रत्येक जण सासुरवाडीचं नाव टाकायला लागला.

मग काय विचारता! "लास्ट! तुन्हा सासराना वाडा गया!" "अरे, मन्हा साला त्या घरमा व्हता!" असा दंगा, की बसमधली माणसं खिडकीतून डोकावायची.

*

गुलाबभाऊची बायको सुमनवहिनी चिंचपाड्याची. ती मागं भांडी घासत असते. रोज ऐकतेय, चिंचपाडा पडला, चिंचपाडा पडला. एके दिवशी हातात झारा घेऊन बाहेर आली. "कोनी पाडं मन्हं गाव?"

गुलाबभाऊ म्हणाला, "अगं, खेळ शे."

"खेळ शे ना? मंग ज्या गावले मारतस, त्या गावनी पोरना हातना चहा कसाले पेतस?"

आणि चूल विझवली. हॉटेलात चहा नाही! शेवटी गुलाबभाऊनं खुर्चीवर बसून, सगळ्यांसमोर, चिंचपाड्यासाठी घाम गाळून एक डाव खेळला. वहिनी झारा धरून मागं उभी. गाव पडलंच. पण वहिनीनं चूल पेटवली.

म्हणाली, "आज निदान मनपासून लढनात."

*

एक हरियाणाचा ड्रायव्हर. ट्रक उभा करून चहाला उतरला आणि दांड्याला चिकटला. शेठचे फोन येतात, हा उचलत नाही. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः मोटारीनं हजर. तोंडात शिव्या, हातात फोन. मला वाटलं आता मारामारी. शेठ मशीनसमोर उभा राहिला, म्हणाला, "क्या है ये?" ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, बस एक बार देखो."

दुपार टळली. शेठच्या बायकोचा फोन आला, कुठं आहात म्हणून.

शेठ डोळे काचेवरून न काढता म्हणाला, "ड्राइवर को ढूँढ रहा हूँ!"

ड्रायव्हर त्याच्या शेजारीच बसलेला.

*

मी शेवटी युसूफभाईला धरलं. म्हटलं, "खरं सांग, यात जिंकता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मग रोज हात काळे करून खेळतोस कशाला? कोणी सांगितलंय तुला?"

तो म्हणाला, "दगाभाऊ, तुम भाभी से रोज झगडते हो. एक बार भी जीते?"

मी त्या दिवशी चहा न पिता घरी आलो. घरी भांडण झालंच. सांगण्यासारखं काही नाही.

*

आता प्रवीणचं सांगतो. पोरगा कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. बायको मनीषा कढऱ्याची, तापीकाठची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी माहेरी जातात तशी ही गेली, पण बाकीच्या परत आल्या, ही आली नाही. पावसाळा सरला, पथारीवर मिरची वाळायला लागली, तरी नाही. निरोप पाठवला होता, "भिंतीशी बोलले असते तर निदान आवाज तरी परत आला असता."

गुलाबभाऊ म्हणे, स्वतःहून गेली, स्वतःहून यावं. तिचा बाप आप्पा म्हणे, घ्यायला या. कोणी हलेना. प्रवीणनं बापाला विचारायचं सोडाच, हूं की चूं केलं नाही. दिवसभर भजी तळायची आणि रिकामा झाला की मशीनवर कढरे.

मला संशय आला. गुलाबभाऊला म्हटलं, "पोरगा बायकोवरचा राग तिच्या गावावर काढतोय. रोज कढरे पाडतोय."

पण बघत राहिलो तर काही जुळेना. बाकीचे सासुरवाडी पडली की टाळ्या पिटतात. हा दात आवळून खेळायचा, शर्ट ओला व्हायचा आणि गाव पडलं की तोंड असं, जणू घरात कोणी गेलं. डाव संपला की काचेवर सगळ्यात जास्त टिकलेल्या गावांची नावं येतात, तिथं वर कढरेच. राग काढणारा माणूस एवढा घाम गाळतो का? मी विचारलं, तर म्हणाला, "काही नही, बापू."

काही नाही म्हणणाऱ्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

*

आणि मग एका बाजाराच्या दिवशी आप्पा आले. काळीपिवळी जीप भाड्यानं करून. पोरगी गाडीतच, पदर तोंडाशी. आप्पा आत येऊन उभेच राहिले. म्हणाले, "गुलाबभाऊ, आज एक घाव दोन तुकडे. नांदवणार नसाल तर फारकत करून टाका."

सुमनवहिनी दारात येऊन थिजली. गुलाबभाऊ चहा ओतता ओतता थांबला. मी मात्र गाडीकडं बघत होतो. मागच्या सीटवर कपड्यांची पिशवी फुगलेली. फारकतीच्या बोलणीला कोणी कपड्यांची पिशवी आणतं का? 

तेवढ्यात मशीन वाजलं आणि सवयीनं कोणीतरी ओरडलं, "लास्ट!"

आप्पांनी काचेकडं बघितलं. इंग्रजी अक्षरं सावकाश जुळवली. चेहरा तांबडा झाला. "हाई काय? मन्हं गाव पाडी ऱ्हायनात तुम्ही?"

आता संपलं, असं मला वाटलं. प्रवीण दांडा सोडून उभा राहिला. कोणाकडं न बघता म्हणाला, "पाडत नही, आप्पा. वाचाडस."

"कवयपासून?"

"आखाजीपासून."

 तळणीतलं भजं करपलं. आप्पा काचेजवळ गेले, वाकून बघितलं. "तापी आठे कशी उनी? आन वेस उघडी कोनी ठेयी? सरक."

आणि खुर्चीवर बसले! कढरे पडलं. पुन्हा बसले. पुन्हा पडलं. फारकतीचं बोलायला आलेला माणूस, टोपी काढून मांडीवर ठेवली, कानावरून घाम. गुलाबभाऊ काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, वहिनीनं त्याला कोपर मारलं.

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. एकदा, मग पुन्हा. मनीषा उतरून आत आली. बापाच्या मागं उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, उजवीकडथून येतस त्या. तुम्ही दांडा धरा, बटन मी दाबस."

जीपवाला दारात आला, "आप्पा, किती थांबू?"

आप्पा मान न वळवता म्हणाले, "थांब रे! गाव वाचनं का निंघतस."

 युसूफभाई माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना.

मनीषानं बटनावरचं बोट उचललं नाही. पण आखाजीपासून पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. "वाचस का हाई गाव?"

प्रवीणनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा सासऱ्याच्या पाठीकडं. म्हणाला, "वाचस ना. टाइम लागस जरा."

ती म्हणाली, "मंग गाडी कसाले थांबाडी?"