हेवीवेटचा कौल

मुलगा बॉक्सर आहे असं कळल्यावर माझ्या आईने मध्यस्थांना एकच प्रश्न विचारला होता, "मारतो का?" मारत नाहीत. आजवर घरात आवाजसुद्धा चढवलेला नाही. ते काम माझ्याकडे आहे.

आमच्या ह्यांना मुंबईत सरकारी खात्यात नोकरी लागली ती ठोसे मारता येतात म्हणून. खात्याच्या स्पर्धांत हेवीवेट गटाचं विजेतेपद ह्यांचंच, इतकी वर्षं की भिंतीवरच्या सगळ्या खुंट्यांना पदकं लटकली आणि शर्ट अडकवायला जागा उरली नाही. चाळिशी उलटली, कानशिलावर केस पांढरे झाले, तरी दरवर्षी स्पर्धेत नाव असायचंच. मी दरवर्षी कटकट करायची आणि ते दरवर्षी हसायचे.

मी, मुलगी आणि सासूबाई गावीच असतो. मागच्या शिमग्याला हे गावी आले. हातखंब्याला गाडीतून उतरून रिक्षाने घरी पोचले, अंघोळ करून जेवायला बसले. सासूबाई वाढत होत्या. मधेच मान वर करून ह्यांनी विचारलं, "बाबा जेवले?"

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "सवयीनं तोंडातून गेलं," म्हणून हे हसले. आम्हा चौघांत हसणारे ते एकटेच होते. मुलीने तर ताट बाजूला सारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "ठोशांनी विसर पडायला लागलाय. आत्ता थांबलं तर सांभाळता येईल. पण डोक्याला आता एकही ठोसा नको." परतीच्या एसटीत हे म्हणाले, "एवढी एक स्पर्धा होऊ दे. जिंकून सोडतो."

"मग गेल्या वर्षी जिंकलात तेव्हा का नाही सोडलंत?"

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग घरात अबोला सुरू झाला, आणि तो मीच धरला होता.

शेवटी सासूबाई वैतागल्या. "देवाला इचारूया. तुमी दोगांनी माझं डोकं खाल्लंव."

आमच्या गावात विहीर कुठे खणायची इथपासून लग्न जमवायचं की मोडायचं इथपर्यंत सगळं ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ह्याला कौल लावणं म्हणतात. हे लगेच तयार झाले. मला तिथेच शंका यायला हवी होती.

देवळात मानकरी आणि गावकरी जमले. गुरवाने "बा देवा महाराजा" म्हणून सुरुवात केली, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. गुरवाने ह्यांच्याकडे बघितलं, "काय इचारू?"

"यंदा मीच जिंकणार काय, एवढंच इचार."

उजवी कळी टपकन पडली. मंडळी खूश. हे छाती काढून माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंनी आनंदाने हात जोडले आणि मग खेळावं की सोडावं हे विचारायचंच राहिलं ते त्यांच्या लक्षात आलं. माझं तर डोकंच फिरलं. जिंकणार का, हा प्रश्न होता कोणाचा? जिंकतील हे मलाही ठाऊक होतं. पण जिंकणाऱ्यालाही ठोसे खावेच लागतात.

आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या मध्ये बायका बोलत नाहीत. मी बोलले.

"गुरवदादा, अजून एक कौल लावा. हे जिंकून घरी आले की मला ओळखतील काय, ते विचारा."

गुरव मानकऱ्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. त्यातले सगळ्यात म्हातारे काका म्हणाले, "लाव रे. देव काय तिचा नाय?"

गुरवाने कळ्या पाण्यात बुडवल्या आणि हात पाषाणाकडे नेला. इतक्यात हे पुढे झाले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. एवढ्या थोरल्या पंजात त्या बिचाऱ्याचं मनगट दिसेनासं झालं.

"नको. लावू नको."

"का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"डावी पडली तर?"

ह्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते सगळ्या गावासमोर घाबरले होते. माझा राग तिथल्या तिथे गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. गुरवाने कळ्या तबकात परत ठेवल्या.

देवळामागच्या कातळावर गेलं की फोनला रेंज मिळते. हे तिथे गेले आणि मीही पाठोपाठ गेले, कारण माझा अजून पुरता विश्वास नव्हता. त्यांनी प्रशिक्षकांना फोन लावला.

"सर, यंदा माझं नाव काढा. नाही, यंदाच नाही, कायमचंच."

पलीकडून बहुधा काही दुखापत झाली का असं विचारलं असावं.

"नाही सर, अजून तरी तशी नाही." मी शेजारीच उभी आहे हे त्यांना माहीत होतं. "म्हातारपणी बायकोला ओळखायचंय मला."

फोन खिशात टाकून म्हणाले, "चल, भूक लागली."